सोलापूरहून परदेशी संक्रांत: तीन पुड्यांचं पार्सल कसं भरायचं

दिवाळीचा फराळ परदेशी धाडायची आता सगळ्यांनाच सवय झाली आहे. नवरात्र संपलं की कुरिअरवाल्यांच्या दारात ‘फराळ परदेशी पाठवा’ अशा पाट्या लागतात. संक्रांतीचं पार्सल मात्र फार थोड्या घरांतून निघतं. खरं तर लांबच्या प्रवासाला संक्रांतीइतका सोयीचा सण नाही. तीळ, गूळ, शेंगदाणे, हलवा, ज्वारी असा सगळा कोरडा कारभार. तळणीचं तेल खवट होण्याची धास्ती नाही, की खोबरं-खवा नासण्याची. आणि आपल्या सोलापुरात तर हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तिच्यातल्या नंदीध्वजांच्या उंच मानाच्या काठ्या, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाचा अक्षता सोहळा, सगळं याच आठवड्यात. इथं वाढलेल्या लेकराला दिवाळीत घर आठवतंच, पण जानेवारीत ते जास्त आठवतं.

माझं सांगणं एवढंच की पार्सलमध्ये खाऊचा ढीग भरू नका. दिवस भरा. भोगीची पुडी वेगळी, संक्रांतीची वेगळी, हळदीकुंकवाची वेगळी. प्रत्येक पुडीवर दिवस लिहा आणि आत काय करायचं याची चिठ्ठी घाला. तिकडे लेक-जावई दोघंही नोकरीला, सुट्टी नसते, पंचांग हाताशी नसतं. पुडी फोडली की त्या दिवसाचा सण अर्ध्या तासात उभा राहिला पाहिजे. दोन किलो चिवडा पाठवून हे साधत नाही.

तारीख मागून मोजा

संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. पण परदेशी पार्सलच्या दृष्टीनं खरी अडचण आहे ती नाताळची. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिकडच्या टपालावर आणि कस्टम्सवर भेटवस्तूंचा लोंढा असतो, मग नाताळ आणि नव्या वर्षाच्या सुट्ट्या. खासगी कुरिअर एरवी आठवडा-दहा दिवसांत पोचतं, टपाल खात्याच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टला दोन-तीन आठवडे धरून चालावं. या काळात दोन्हींत आणखी आठवड्याची भर घाला. म्हणजे टपालानं जाणार असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि कुरिअरनं तर 15 डिसेंबरच्या आसपास बुकिंग झालेलं बरं.

त्यावरून मागे या. बुकिंगच्या आदल्या दिवशी पॅकिंग. त्याच्या दोन दिवस आधी चटणी आणि लाडू. त्याच्या आठवडाभर आधी बाजार. कडक भाकरी घरी करणार असाल तर ती सगळ्यात आधी घ्या, तिला वाळायला वेळ लागतो.

पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला पाठवायचं असेल तर एवढी घाई नाही. 6-7 जानेवारीला स्पीड पोस्ट केलं तरी चालतं. पुण्याला तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकलं की सकाळी हातात. फक्त उतरवून घ्यायला कोण येणार, कुठल्या थांब्यावर येणार, हे आधी पक्कं करा आणि गाडीचा नंबर कळवा.

उशीर झालाच तरी जीव टांगणीला लावू नका. तिळगूळ आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. म्हणून हळदीकुंकवाची पुडी नेमकी वेळेत पोचली नाही तरी वाया जात नाही. भोगीच्या पुडीला मात्र दिवस गाठायलाच हवा.

बाजाराला निघण्याआधी हे वाचा

सगळ्यात आधी खसखस. गूळपोळीच्या आणि शेंगापोळीच्या सारणात आपण ती सवयीनं घालतो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथं खसखशीला बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाला प्रेमानं पाठवलेल्या पोळीपायी तो पोलिसांच्या तावडीत सापडावा, असं आपल्याला स्वप्नातही नको. तिकडच्या पार्सलात कणभरही खसखस नको, आणि विकतचा खाऊ असेल तर पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या देशांत टपालानं दुधाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. पेढे, खव्याची वडी, तुपाची बरणी, सगळं बाद. तिकडे जाणाऱ्या तिळाच्या लाडवांना तूप न लावता शेंगदाण्याच्या तेलाचा हात लावा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पेरून उगवेल अशा कुठल्याही गोष्टीबाबत फार कडक आहेत. कच्चे तीळ, कच्च्या शेंगा, ज्वारीचे दाणे, अख्खी कडधान्यं पाठवू नका. खोक्यात भर म्हणून गवत-पेंढाही नको.

अमेरिकेत 29 ऑगस्ट 2025 पासून छोट्या पार्सलांची जुनी करमाफी गेली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवली होती, ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे त्याआधीच्या अनुभवावर जाऊ नका, कर कोण भरणार हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. एक सवलत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतःच्या घरी केलेलं खाणं स्वतःच्या नावानं, भेट म्हणून पाठवलं तर अमेरिकेच्या अन्न खात्याला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. दुकानातून घेतलेल्या खाऊला ती लागते. म्हणून लाडू आणि चटणी घरीच केलेली बरी, हा केवळ चवीचा प्रश्न नाही.

पूजेच्या सामानातला कापूर काढून ठेवा. तो ज्वालाग्राही म्हणून विमानात चालत नाही, काडेपेटीही नाही. हळदीकुंकवाला लागणारं अत्तरही तिकडेच घेऊ द्या. सिद्धरामेश्वरांचं भस्म पाठवायची फार इच्छा होते, मी समजू शकते, पण पांढरी-राखाडी भुकटी पाहून कस्टम्सवाले अख्खं खोकं उलटंपालटं करतात. ते माणसाच्या हातीच धाडा.

आणखी एक. शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची काहींना तीव्र ॲलर्जी असते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाची नोंदही पाकिटावर सक्तीची झाली आहे. अनेक शाळांत शेंगदाण्याचा खाऊ आणू देत नाहीत. नातवंडांना हे लाडू डब्यात नेऊ नका असं चिठ्ठीत आवर्जून लिहा, नाहीतर वर्गात वाटायला हौसेनं घेऊन जातील.

पहिली पुडी: भोगी

आपल्याकडे भोगीला अक्षता सोहळा. त्या दिवशी घरोघरी तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा काही पाठवता येत नाही, पण त्या भाजीची चव ज्यात आहे ते कोरडं आहे. तीळ आणि शेंगदाणे खमंग भाजून जाडसर कूट करा, दोन वाट्या दाण्याच्या कुटाला एक वाटी तीळ या प्रमाणात. त्यात काळं तिखट आणि मीठ मिसळून ठेवा. तिकडे दुकानात मिळेल ती भाजी चिरायची, फोडणीत परतायची आणि शिजत आली की हे कूट घालायचं. चिठ्ठीत तेवढंच लिहा.

भाकरीची सोय कडक भाकरीनं होते. ज्वारीची पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पार कोरडी केलेली ही भाकरी नीट ठेवली तर बरेच दिवस टिकते. ज्वारी मिळाली तर मंगळवेढ्याची मालदांडी घ्या, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि पिठाला चिकटपणा चांगला असतो, भाकरी पातळ थापता येते. घरी जमत नसेल तर बचत गटांच्या बायका उत्तम करून देतात. त्यांना पार्सलसाठी हवी आहे हे आधी सांगा, म्हणजे त्या आकारानं लहान आणि जास्त वाळवून देतील. घेताना एक भाकरी मोडून बघा. टचकन तुटली तर बरोबर. वाकून मग तुटली तर आत ओल आहे, आठ दिवसांत बुरशी धरेल. अशी भाकरी परत उन्हात आणि तव्यावर जाऊ द्या.

याच पुडीत शेंगा चटणी. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर, टरफलावर काळे डाग पडू न देता भाजायचे आणि पूर्ण गार झाल्यावर साली काढायच्या. पंधरा-वीस लसूण पाकळ्या कोरड्या तव्यावर ओलसरपणा जाईपर्यंत परतून घ्या. एरवी आपण कच्चाच लसूण घालतो, पण प्रवासाला त्याचं पाणी घातक. तीन-चार चमचे लाल तिखट, दोन चमचे भाजलेलं जिरं, चवीला मीठ. हे सगळं खलबत्त्यात किंवा उखळात कुटा. मिक्सरमध्ये फिरवलं की भुगा होतो, कुटलं की दाण्याचं तेल आपोआप तिखटाला धरतं आणि चटणी मुठीत दाबली तर गोळा होतो, सोडला की मोकळी होते. तिथं थांबा. त्याहून पुढं कुटत राहिलात तर तेल सुटून पिशवीबाहेर येतं.

दुसरी पुडी: संक्रांत

तिळाचे लाडू साध्या गुळाचे मऊ होतात आणि खायला छान लागतात, पण लांबच्या प्रवासाला चिक्कीचा गूळ घ्या. पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, शंभर ग्रॅम शेंगदाण्याचं जाड कूट, थोडी वेलची. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा. पाक तयार झाला का हे पाहायला वाटीत गार पाणी घ्या आणि त्यात थेंब टाका. थेंब गोळी होऊन वाटीच्या तळाशी टण् वाजला पाहिजे. बोटानं दाबल्यावर चेपला तर अजून मिनिटभर थांबा, कारण चेपणाऱ्या पाकाचे लाडू खोक्यात एकमेकांना चिकटून एक ढेप होते. वाजला की गॅस बंद, तीळ-कूट आत, आणि हात भाजत असतानाच वळायचे. एकट्यानं होणारं काम नाही, घरातल्या दोघा-तिघांना बसवा. लाडू सुपारीएवढे वळा. मोठे लाडू कडक झाले की दातांना झेपत नाहीत, वयस्कर माणसं असतील तर आणखीच लहान. रात्रभर उघडे गार होऊ द्या, मगच डबा.

शेंगापोळीचा मोह आवरा. खुसखुशीत भाजली तर आठ-दहा दिवस टिकते, पुण्या-मुंबईला जरूर पाठवा, पण तीन आठवड्यांच्या टपालात तिचं काही खरं नाही. त्याऐवजी नुसतं सारण पाठवा. शेंगदाण्याचं बारीक कूट, किसलेला गूळ, थोडं खमंग भाजलेलं बेसन, तीळ, वेलची. तिकडे कणीक मळून पोळी त्यांनी लाटावी. नातवंडांना लाटायला बसवा असं लिहा, फाटली तरी चालते.

काटेरी हलवा टिळक चौक, मधला मारुती भागात डिसेंबरच्या सुरुवातीपासून मिळायला लागतो. घरात लहान बाळ असेल तर बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने आणि काळं झबलं या पुडीत घाला. बोरं आणि ऊस तिकडे मिळाले नाहीत तर चुरमुरे, गोळ्या, लहान बिस्किटं चालतात. दागिन्यांचा धागा पक्का आहे का ते बघा, गाठींवर डिंकाचा एकेक ठिपका द्या. हलवा हवेतली ओल ओढून विरघळतो, म्हणून दागिने कडक डब्यात, टिश्यू पेपरवर आडवे, आणि झाकणाच्या कडेला चिकटपट्टी.

या पुडीतली चिठ्ठी थोडी मोठी लिहा. परदेशात जन्मलेल्या नातवाला गड्डा म्हणजे काय हे कोण सांगणार? 12व्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरणारी कुंभारकन्या, मग तिचा त्यांच्या योगदंडाशी झालेला विवाह, आणि आजही संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, होम मैदानावरचे पाळणे. अर्धं पान पुरे. मराठी वाचता येत नसेल तर त्याच्या आईनं वाचून दाखवावं, पण लिहा मराठीतच. आजी-आजोबांचं अक्षर घरात राहतं.

तिसरी पुडी: हळदीकुंकू आणि वाण

इथं सोलापूर उपयोगी पडतं. आपल्या टेरी टॉवेलला आणि चादरीला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चाटी गल्लीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्याच्या दुकानात लहान नॅपकिन डझनावर मिळतात. लेकीच्या ओळखीच्या दहा-बारा बायका हळदीकुंकवाला येणार असतील तर वाण म्हणून याहून चांगलं काही नाही. वजनाला हलके, फुटत नाहीत आणि रोज वापरात येतात. चादर पाठवायची हौस असेल तर ती देशातल्या देशात पाठवा, परदेशी पार्सलचं निम्मं वजन ती एकटी खाते.

हळद आणि कुंकू लहान डब्यांत, दोन-दोन पिशव्यांत घालून, वर खाण्यासाठी नाही असं इंग्रजीत लिहून. मातीची सुगडं पाठवू नका.

खोकं भरताना

वजनाइतकाच आकार महाग पडतो. बहुतेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000नं भागतात, आणि तो आकडा खऱ्या वजनाहून जास्त आला तर त्याचे पैसे घेतात. 30 बाय 25 बाय 20चं खोकं 3 किलोचं धरलं जातं. 40 बाय 30 बाय 30चं खोकं 7.2 किलोचं, आत काही का असेना. चिवडा, चुरमुरे, पापड्या यांत असे पैसे जातात. वर सांगितलेल्या तिन्ही पुड्या 30 बाय 25 बाय 20 मध्ये बसतात, मी त्याच मापाचं खोकं सुचवेन. पुठ्ठा पाचपदरी घ्या.

तळाला दोन नॅपकिन पसरा. वाणाचे नॅपकिनच खोक्यात मऊ भर म्हणून वापरायचे, म्हणजे थर्माकोलचं फुकट वजन आणि जागा जात नाही. ते आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लसणाचा वास टॉवेलला लागला की धुतल्याशिवाय जात नाही. त्यावर चटणी, कूट आणि सारण. ही तिन्ही व्हॅक्युम पॅक करून घ्या, मिठाईच्या मोठ्या दुकानांत आणि बऱ्याच कुरिअरवाल्यांकडे ते मशीन असतं. पॅक झाल्यावर चटणीची वीट होते, घाबरू नका, फोडून चमच्यानं मोकळी केली की पूर्ववत होते. भाकरी आणि हलव्याला व्हॅक्युम अजिबात नको, चुरा होईल.

कडक भाकरीला गोल पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा, भाकरीपेक्षा बोटभरच मोठा. दर दोन भाकऱ्यांमध्ये बटर पेपर. वरची पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरून काढा आणि डबा कानाशी नेऊन हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर आणखी भरा. डबा आडवा ठेवायचा, उभा ठेवला तर सगळा भार कडेवर येऊन भाकऱ्या मोडतात. त्याच्या शेजारी लाडवांचा डबा, सगळ्यात वर हलव्याचे दागिने, आणि दागिन्यांवर पुन्हा दोन नॅपकिन. खोकं बंद करण्याआधी आतल्या वस्तूंची यादी आणि पत्ता लिहिलेला कागद आत टाका, बाहेरचं लेबल फाटलं तर तोच उपयोगी पडतो. मग सगळ्या सांध्यांवर इंग्रजी एचच्या आकारात चिकटपट्टी.

काउंटरवर

आधार कार्डाची प्रत लागते, घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि तिकडचा चालू फोन नंबर लागतो. कस्टम्सच्या अर्जावर नुसतं ‘खाद्यपदार्थ’ किंवा ‘पावडर’ लिहिलं की पार्सल अडकतं. प्रत्येक वस्तू इंग्रजीत स्पष्ट लिहा: भाजलेल्या शेंगदाण्याची तिखट चटणी 400 ग्रॅम, तीळ-गुळाचे लाडू 500 ग्रॅम, ज्वारीची वाळवलेली भाकरी, सुती नॅपकिन 12. चटणी, तिळगूळ असे आपले शब्द तिकडच्या अधिकाऱ्याला कळत नाहीत. किंमत खरी लिहा आणि भेटवस्तू या खान्यावर खूण करा. हीच नावं घटकांसह प्रत्येक पाकिटावर चिकटवा. पार्सल काउंटरवर तपासायला उघडतात, म्हणून शेवटची चिकटपट्टी तिथंच लावायच्या तयारीनं जा, कात्री आणि पट्टी सोबत घ्या.

कोणी ओळखीचं डिसेंबरमध्ये तिकडे निघालं असेल आणि हातात द्यायचं ठरलं, तर आत काय आहे हे त्यांना उघडून दाखवूनच द्या. विमानतळावर उत्तर त्यांना द्यायचं असतं. चटणी आणि कूट मोठ्या बॅगेतच जाऊ द्या. सुकं खोबरं मात्र मोठ्या, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

पावती मिळाली की ट्रॅकिंग नंबर लगेच लेकीला पाठवा आणि फोनवर सांगा की खोकं आलं की उघड, पण पुड्या फोडू नकोस. डबे तेवढे बाहेर काढून कोरड्या जागी ठेवायचे. लाडू फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दमट होतात. शेंगदाण्याचं कूट, सारण आणि चटणी मात्र फ्रीजमध्ये गेली तरी हरकत नाही. कडक भाकरी प्रवासात मऊ पडलीच, तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं ठेवायची किंवा ओव्हनमध्ये कमी आचेवर, गार झाली की पुन्हा कडक होते.